डोळ्यांची हालचाल : विष, औषध आणि वेळ



नेत्रतपासणीचा विषय निघाला की मोतीबिंदू, काचबिंदू, चष्म्याचा नंबर आणि नेत्रदान ही नावे आपोआप ओठांवर येतात. डोळ्याला दिसते की नाही, एवढ्यावरच समाजाचे सारे लक्ष केंद्रित झालेले असते. डोळा हलतो कसा, दोन्ही डोळे एकाच वेळी एकाच दिशेला वळतात कसे आणि ही हालचाल बिघडली तर काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. वस्तुतः या बिघाडांचा शोध घेता घेता वैद्यकशास्त्राने जे ज्ञान मिळवले, त्याचा संबंध मुळशीच्या भातखाचरांत झोपणाऱ्या शेतमजुरापासून दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या मधुमेही व्यापाऱ्यापर्यंत सर्वांशी आहे. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी हाच विषय निवडला आहे.

प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू असतात. दोन्ही डोळ्यांचे मिळून बारा. मेंदूतून निघणाऱ्या बारा मज्जातंतूंच्या जोड्यांपैकी तिसरी, चौथी आणि सहावी अशा तीन जोड्या मुख्यतः या स्नायूंच्या सेवेसाठी राबतात. पापणी उचलून धरणारा स्नायूही तिसऱ्याच मज्जातंतूच्या आज्ञेत असतो. माणूस वाचत असतो तेव्हा त्याची दृष्टी ओळीवरून सरळ सरकत नाही. ती सेकंदाला दोन-तीन उड्या मारत जाते आणि प्रत्येक उडीला दोन्ही डोळे एकमेकांशी तंतोतंत जुळवून घेतात. बैलजोडीतला एक बैल जरा मागे राहिला की औत वाकडे जाते, तसाच प्रकार येथे घडतो. एक डोळा किंचित मागे राहिला की एका वस्तूच्या दोन वस्तू दिसू लागतात.

या स्नायूंचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. पोटरीच्या स्नायूत मज्जातंतूचा एक धागा हजाराहून अधिक स्नायूतंतूंना हुकूम देतो. डोळ्याच्या स्नायूत एका धाग्याच्या वाट्याला जेमतेम दहाएक स्नायूतंतू येतात. बारीक कशिदा काढणाऱ्या कारागिराच्या हाताखाली थोडीच माणसे असावीत, तशी ही रचना आहे. काम अत्यंत नाजूक, वेग प्रचंड आणि विश्रांती फारच थोडी. परिणामी मज्जातंतू आणि स्नायू जिथे एकमेकांना भेटतात, त्या सांध्यावर काही संकट आले तर शरीरातल्या बाकीच्या स्नायूंच्या आधी पापणी आणि डोळा यांना त्याची झळ लागते. हातपाय धडधाकट असतात, बोलणे स्पष्ट असते. पण पापण्या मिटू लागतात. शरीराने दिलेली ही पहिली सूचना असते आणि पुष्कळदा तीच दुर्लक्षित राहते.

मुळशी तालुका म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतला, ताम्हिणीच्या धुवाधार पावसाचा, भाताच्या खाचरांचा प्रदेश. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते, उंदीर घरांच्या आणि गोठ्यांच्या आश्रयाला येतात आणि त्यांच्या मागोमाग साप येतात. नाग आणि घोणस यांची भीती सर्वांना असते. मण्यारीची मात्र तितकी वाटत नाही. कारण मण्यार दिवसा सहसा दिसत नाही. दिसली तरी बुजरी वाटते. काळसर, चकचकीत, अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे असलेला हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो. त्याचा दंश इतका बारीक असतो की झोपलेला माणूस पुष्कळदा जागाही होत नाही. सूज नाही, रक्त नाही, आग नाही. पहाटे पोटात दुखू लागते, उलटी होते. घरातली माणसे ओवा देतात, सोडा देतात. डॉक्टरकडे नेले तर त्यालाही पित्ताचाच संशय येतो. उजाडेपर्यंत रुग्ण म्हणतो, ‘डोळे उघडत नाहीत, झोप येते आहे.’ घरच्यांना वाटते, रात्रभर जागरण झाले, झोपू द्यावे. त्यानंतर एकाची दोन माणसे दिसू लागतात, थुंकी गिळता येत नाही, मान सावरत नाही आणि शेवटी श्वास मंदावतो.

झोप आणि पापणीचा पक्षाघात यांतला हा फरक ओळखणे म्हणजे एका माणसाचा जीव वाचवणे होय. ओळखण्याची रीत अगदी सोपी आहे. रुग्णाला डोके न हलवता वर छताकडे पाहायला सांगावे. निरोगी माणसाच्या पापण्या डोळ्यांबरोबर वर जातात. विषबाधा झालेल्याच्या जात नाहीत. पुढे बोट धरून ते उजवीकडे, डावीकडे न्यावे. डोळे बोटाचा पाठलाग पुरता करतात का ते पाहावे. एका श्वासात किती अंक मोजता येतात, तेही थोड्या थोड्या वेळाने पाहावे. आकडा घसरू लागला तर श्वासाचे स्नायू दमत चालले आहेत असे समजावे. पावसाळ्याच्या दिवसांत, जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अकारण पोटदुखी झाली आणि पापण्या जड झाल्या, तर दंशाची खूण सापडो वा न सापडो, मण्यारीचा संशय धरलाच पाहिजे.

हे ज्ञान केवळ परदेशी ग्रंथांतून आलेले नाही. ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे पुढे गेले की महाड लागते. तेथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आयुष्याची अनेक दशके विंचूदंश आणि सर्पदंश यांच्या अभ्यासात घालवली. जालना जिल्ह्यातल्या खेड्यात जन्मलेला हा डॉक्टर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. विंचूदंशाने दगावणाऱ्या मुलांच्या खाटेशी बसून त्यांनी जी निरीक्षणे टिपली, ती पुढे ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात पोहोचली. मण्यार आणि नाग यांच्या दंशाने होणारी लक्षणे आणि ग्रामीण परिस्थितीत त्यांवर करावयाचे उपचार यांविषयीचा त्यांचा शोधनिबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठी प्रयोगशाळा नाही, विद्यापीठाचे पाठबळ नाही. केवळ रुग्ण, घड्याळ आणि वही यांच्या बळावर संशोधन होऊ शकते, याचे इतके लख्ख उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल.

नाग आणि मण्यार दोघांच्याही विषाने पापण्या मिटतात; पण दोघांची करणी निराळी असते आणि उपचाराचे यश या निराळेपणावर अवलंबून असते. मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूकडे ‘असेटिलकोलीन’ नावाच्या रसायनाच्या रूपाने निरोप जातो. स्नायूवर तो निरोप स्वीकारणारी ग्राहके असतात. पत्र पाठवणारे एक आणि पत्रपेटी एक, असे समजावे. नागाचे विष पत्रपेटीचे तोंड बुजवते. निओस्टिग्मिन हे औषध दिले की निरोपाचे रसायन सांध्यावर अधिक काळ टिकते आणि उरलेल्या पेट्यांतून काम भागते. सोबत दुष्परिणाम टाळण्यासाठी अॅट्रोपिन द्यावे लागते. मण्यारीचे विष मात्र मुख्यतः पत्र पाठवणाऱ्या टोकावरच घाला घालते आणि ते टोक उद्ध्वस्त करते. एकदा टोक उद्ध्वस्त झाले की प्रतिविष ते परत उभारू शकत नाही. ते रक्तात फिरणारे विष निकामी करते, झालेले नुकसान भरून काढत नाही. म्हणून मण्यारीच्या बाबतीत पहिले काही तास अमूल्य असतात. उशीर झाला तर नवी टोके फुटेपर्यंत, म्हणजे काही दिवस वा काही आठवडे, कृत्रिम श्वासावर रुग्णाला सांभाळणे एवढेच हाती उरते. मात्र सांभाळले तर तो पूर्ण बरा होतो.

येथे एक भयंकर गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मण्यारीच्या विषाची बाधा पराकोटीला गेली की रुग्णाचे डोळे कोणत्याही दिशेला हलत नाहीत, बाहुल्या विस्फारतात आणि प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत, हातपाय लुळे पडतात. मेंदू मृत झाला आहे का हे ठरवताना डॉक्टर ज्या खुणा पाहतात, त्यांतल्या बहुतेक येथे हजर असतात. परंतु मेंदू जिवंत असतो. विष मेंदूपर्यंत पोहोचलेले नसते. ते स्नायूंच्या दारातच थांबलेले असते. रुग्णाला भोवतालचे बोलणे ऐकू येत असू शकते. ‘आता काही अर्थ नाही, घरी न्या’ हे वाक्यसुद्धा. असे रुग्ण कृत्रिम श्वासावर ठेवल्यानंतर चालत घरी गेल्याची वर्णने भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत नमूद आहेत. म्हणून सर्पदंशाची शंका असलेल्या माणसाची बाहुली पाहून कोणीही आशा सोडू नये, नातेवाइकांनी तर मुळीच सोडू नये. श्वास थांबला तर तोंडाने वा पिशवीने श्वास देत रुग्णालय गाठावे.

उपचाराच्या पायऱ्या सर्वांच्या कानांवर वारंवार पडल्या पाहिजेत. दंशाच्या जागी चिरा देऊ नये, रक्त चोखू नये, दोरीने करकचून बांधू नये. अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने पौडच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे आणि गरज भासल्यास तेथून पुण्याच्या ससून रुग्णालयात. मुलाचे वजन कमी म्हणून प्रतिविष कमी द्यावे, असा समज चुकीचा आहे. साप मुलाला पाहून कमी विष सोडत नाही. लक्षणे नसली तरी चोवीस तास देखरेखीखाली राहणे श्रेयस्कर. आणि प्रतिबंध? खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी. गावोगावी कपडे वाटणाऱ्या दानशूरांनी वस्त्राच्या यादीत मच्छरदाणीचा समावेश केला तर त्या कापडाचे मोल रेशमाहून अधिक ठरेल.

हा प्रश्न किती मोठा आहे? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत मृत्यूंची संख्या निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. दगावणारे बहुतांश शेतकरी, मजूर आणि त्यांची मुले असतात.

प्रतिविष तयार करण्यासाठी सापाचे विष घोड्याला अत्यल्प मात्रेत टोचतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढतात. भारतात हे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांविरुद्ध एकत्रित असते. त्यासाठी लागणारे बरेचसे विष तामिळनाडूतील इरुला आदिवासींची सहकारी संस्था पुरवते. १९७८ मध्ये सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. सापांची कातडी विकून पोट भरणारे हे लोक आता साप पकडतात, ठरावीक वेळा विष काढतात आणि त्याला पुन्हा रानात सोडून देतात. भगवान पार्श्वनाथांचे लांछनच सर्प असल्याने जैन श्रोत्यांना या व्यवस्थेचे विशेष अप्रूप वाटावे. या समाजातील वडिवेल गोपाळ आणि मासी सदैयन या दोघांना २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली. घोड्याला होणाऱ्या वेदनेचा प्रश्न मात्र उरतोच. प्रयोगशाळेतच प्रतिद्रव्ये घडवण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. ते यशस्वी झाले तर अहिंसेच्या दृष्टीनेही ती मोठी घटना ठरेल.

मण्यारीच्या विषाने मानवाचे प्राण घेतले तसे एक फार मोठे कोडेही सोडवले. तैवानमध्ये आढळणाऱ्या मण्यारीच्या विषातून चांग आणि ली या दोन शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये काही घटक वेगळे केले. त्यांतला ‘आल्फा-बंगारोटॉक्सिन’ हा घटक वर सांगितलेल्या पत्रपेटीला असा घट्ट चिकटतो की सुटता सुटत नाही. ज्याला कुलूप सापडत नव्हते त्याला अशी किल्ली मिळाली की ती फक्त त्याच कुलपात अडकून बसते. तिच्या साहाय्याने स्नायूवरील ग्राहके प्रथमच वेगळी काढता आली, मोजता आली.

या मोजणीचा लाभ झाला तो ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’ नावाच्या व्याधीच्या रुग्णांना. या आजारात सकाळी माणूस ताजातवाना असतो. दिवस चढेल तशी पापणी खाली येते, संध्याकाळी दोन-दोन दिसू लागते. विश्रांती घेतली की पुन्हा बरे. घरचे त्याला आळशी म्हणतात, कोणी मनाचा खेळ म्हणतात. सुनेच्या बाबतीत तर ‘कामाच्या वेळीच हिचे डोळे मिटतात’ असे टोमणेही मारले जातात. १९३४ मध्ये ग्रीनिचच्या रुग्णालयात काम करणाऱ्या मेरी वॉकर या डॉक्टर महिलेच्या लक्षात आले की या रुग्णांची अवस्था ‘क्युरारे’ या बाणाला लावायच्या विषाची बाधा झालेल्यांसारखी दिसते. त्या विषावर चालणारे औषध तिने या रुग्णाला टोचले आणि मिटलेली पापणी उघडली. उपाय सापडला, कारण मात्र आणखी चाळीस वर्षे सापडले नाही. १९७३ मध्ये बाल्टिमोर येथील फॅम्ब्रो, ड्रॅखमन आणि सत्यमूर्ती यांनी मण्यारीच्या विषाचा तोच घटक वापरून दाखवून दिले की या रुग्णांच्या स्नायूंवर ग्राहकांची संख्याच फार कमी झालेली असते. त्याच वर्षी पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांच्या प्रयोगातून उलगडले की शरीराची संरक्षणव्यवस्थाच चुकून स्वतःच्या ग्राहकांवर हल्ला चढवते. रक्षकानेच घर लुटावे, असा हा प्रकार. ससे आणि विद्युत मासे यांवर झालेले हे प्रयोग जैन मनाला खटकतील, आणि खटकावेतही; परंतु त्यांतून निघालेले सत्य लपवणे योग्य नव्हे.

आज हा आजार आटोक्यात राहतो. पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या, संरक्षणव्यवस्थेला आवर घालणारी औषधे, काही रुग्णांत छातीतील थायमस ग्रंथी काढणारी शस्त्रक्रिया असे मार्ग उपलब्ध आहेत. शस्त्रक्रियेचा लाभ २०१६ च्या मोठ्या चाचणीने सिद्ध झाला. निदानाची एक युक्ती तर इतकी साधी आहे की आश्चर्य वाटते. खाली आलेल्या पापणीवर कापडात गुंडाळलेला बर्फ दोन मिनिटे ठेवतात. थंडाव्याने सांध्यावरील निरोपाचे काम सुधारते आणि पापणी काही काळ वर उचलली जाते. ही चाचणी डॉक्टरांनीच करून अर्थ लावायचा असतो, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे विष याहूनही उग्र. जर्मनीतील युस्टिनस केर्नर या कवी-वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बिघडलेल्या मांसपदार्थांतून होणाऱ्या विषबाधेचे वर्णन केले. तिच्यातही पहिली लक्षणे पापणी पडणे आणि दुहेरी दिसणे हीच. या ‘बोट्युलिनम’ विषाला कारणीभूत जंतू व्हान एर्मेंगेम यांनी शतकाच्या अखेरीस शोधला. शाकाहारी घरांनी निर्धास्त राहू नये. चुकीच्या पद्धतीने हवाबंद केलेल्या भाज्यांतही हा जंतू वाढतो. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांच्या मनात विचार आला की जे विष स्नायूला दुबळे करते, ते अत्यल्प मात्रेत तिरळ्या डोळ्याच्या जास्त ओढणाऱ्या स्नायूत टोचले तर? १९८० मध्ये त्यांनी माणसांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा व पापण्यांच्या आकड्या यांसाठी या औषधाला मान्यता मिळाली. आज चेहऱ्यावरील सुरकुत्या घालवण्यासाठी श्रीमंत मंडळी जे ‘बोटॉक्स’ टोचून घेतात, ते हेच. त्याचा जन्म तिरळ्या डोळ्यांसाठी झाला होता, ही गोष्ट जाहिरातींत सांगितली जात नाही.

तिरळेपणाविषयी मात्र थोडे परखडपणे बोलले पाहिजे. अजूनही काही घरांत तो भाग्याचे लक्षण मानतात. काही घरांत तो मुलीच्या लग्नाच्या वेळीच आठवतो. दोन्ही ठिकाणी वेळ निघून जाते. दोन डोळ्यांकडून दोन वेगळी चित्रे येऊ लागली की बालकाचा मेंदू गोंधळ टाळण्यासाठी एका डोळ्याचे चित्र पुसून टाकतो. वर्षानुवर्षे हे चालले की त्या डोळ्याची नजर कायमची मंदावते. डोळा निर्दोष, पण मेंदूला त्याची भाषा कळेनाशी होते. बालवयात हे घडते आणि बालवयातच ते दुरुस्त करणे सोपे असते. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन विझेल यांना १९८१ चे नोबेल मिळाले, त्या संशोधनात मेंदूच्या या कोवळ्या कालखंडाचा उलगडाही होता.

शस्त्रक्रिया म्हटले की आई-वडील घाबरतात. तिचा इतिहास तसा थरारकच आहे. १८३९ मध्ये बर्लिनला डीफेनबाख यांनी सात वर्षांच्या मुलाचा स्नायू कापला तेव्हा भूल देण्याचे औषधही आलेले नव्हते. आता ती सुरक्षित आणि नेहमीची झाली आहे. पण अनेक मुलांना शस्त्रक्रिया लागतच नाही. दूरदृष्टीचा मोठा नंबर असलेले मूल जवळचे पाहण्यासाठी ताण देते आणि त्या ताणाने डोळे नाकाकडे वळतात, हे डच वैद्य डोंडर्स यांनी १८६४ मध्येच दाखवून दिले. अशा मुलाला योग्य चष्मा लावला की डोळे सरळ होतात. मंद नजरेसाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात. २००३ मधील अभ्यासाने दाखवले की मध्यम स्वरूपाच्या मंददृष्टीत दिवसाला दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच उपयोगी पडते. त्यामुळे शाळेत पट्टी लावून चिडवून घेण्याची वेळ मुलावर येत नाही. सहा महिन्यांनंतरही बाळाचा डोळा तिरळा दिसत असेल तर थांबू नये. बाहुलीत पांढरी चमक दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा; ती क्वचित कर्करोगाची खूण असते. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. धनगरवस्त्या आणि कातकरी पाड्यांवरील मुले त्या दिवशी हजर राहतील एवढे पाहणे, हे काम कोणालाही करता येण्यासारखे आहे.

दीर्घ तपश्चर्येशी संबंधित एक मुद्दा आदरपूर्वक मांडणे आवश्यक आहे. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये एका व्याधीचे वर्णन केले, तिच्या पहिल्या तीन रुग्णांत शिवणकाम करणारी एक तरुणी होती. डोळ्यांची हालचाल अडखळणे, तोल जाणे आणि मन भ्रमणे ही तिची लक्षणे. ब-१ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाने ती होते. मद्यपींत ती अधिक आढळते. परंतु गरोदरपणातील सततच्या उलट्या आणि प्रदीर्घ अनशन यांतही ती संभवते. मासक्षमणासारखे मोठे तप करणाऱ्या व्यक्तीला दुहेरी दिसू लागले किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर डॉक्टरांना उपवासाची पूर्ण कल्पना द्यावी, कारण ब-१ न देता नुसते ग्लुकोज चढवले तर व्याधी बळावू शकते.

शेवटी व्यापारी मंडळींविषयी. बैठे काम, मधुमेह आणि रक्तदाब यांचे आपल्या समाजातील प्रमाण सर्वांना ठाऊक आहे. एखाद्या सकाळी रोजकीर्द उघडावी आणि आकडे जोडीने दिसावेत, थानावरील एका चिठ्ठीच्या दोन चिठ्ठ्या व्हाव्यात, असे घडू शकते. तेव्हा आधी एक डोळा हाताने झाकून पाहावा, मग दुसरा. कोणताही एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणे थांबत असेल तर दोष डोळ्यांच्या जुळणीत आहे. मधुमेहाने डोळा बाहेर वळवणाऱ्या सहाव्या किंवा तिसऱ्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा खुंटला असेल, तर साखर ताब्यात ठेवल्यावर बहुतेकांत सुमारे तीन महिन्यांत हालचाल परत येते. तोवर एका काचेला अर्धपारदर्शक पट्टी लावून व्यवहार चालवता येतो. मात्र पापणी खाली आली, बाहुली मोठी झाली आणि डोके फुटल्यासारखे दुखू लागले, तर मेंदूतील रक्तवाहिनीला फुगा आल्याची शक्यता असते. अशा वेळी दुकानाचे कुलूप लावण्यासाठीही थांबू नये, चष्म्याच्या दुकानात जाऊ नये, स्वतः गाडी चालवू नये. मेंदूच्या तपासणीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात त्याच तासाला पोहोचावे.